तीन नंबरच्या डोअरची स्प्रिंग

तीन नंबरच्या डोअरची स्प्रिंग तुटली, तेव्हा मी ऑफिसात तिच्याच बदलीच्या जोडीचं कोटेशन वाचत होते. दोन स्प्रिंगांचे त्रेचाळीस हजार. वाहतूक वेगळी, टेक्निशियनची व्हिजिट वेगळी, डिलिव्हरी तीन आठवडे. चार वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा बदलली तेव्हा हीच जोडी साडेअठरा हजारांना मिळाली होती. मग चोवीस झाले, मग एकतीस. मी कोटेशनच्या कडेला पेन्सिलीनं 'एवढे कसे?' असं लिहिलं आणि तेवढ्यात डॉककडून खणकन आवाज आला. पाठोपाठ बायकांचा गलका.

मी पळत गेले. अर्धवट वर गेलेलं दार खाली आपटलं होतं. सिंधूताई, म्हणजे आमच्या ग्रेडिंगच्या मुकादम, दाराच्या अलीकडं फरशीवर बसल्या होत्या. क्रेट उपडा पडला होता, द्राक्षं पसरली होती. त्यांच्या ॲप्रनचं टोक दाराखाली अडकलं होतं. म्हणजे दार त्यांच्यापासून वीतभर मागं पडलं होतं.

लागलं का, म्हणून मी विचारलं.

"न्हाय लागलं," त्या म्हणाल्या. "पण आदी ह्ये ॲप्रन सोडवा. मला हितनं उठू द्या."

आवाज स्थिर होता. चौघांनी मिळून दार उचललं, त्यांना बाजूला घेतलं, पाणी दिलं. दहा मिनिटांनी त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की, या दाराखालून मी आता जाणार नाही आणि माझ्या बायकाही जाणार नाहीत. त्यांच्या हाताखाली चाळीस बायका होत्या. हंगाम ऐन भरात होता.

आमचं पॅकहाउस इंदापूर-बारामती रस्त्यालगत आहे. दोन्ही तालुक्यांतल्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांनी मिळून काढलेलं. बागेतून माल येतो, बायका तो निवडतात, पेट्यांत भरतात, पेट्या थंड खोलीत गार होतात आणि कंटेनरमधून बंदराकडं जातात. मी इथं मेंटेनन्स बघते. मोठ्या कॉम्प्रेसरपासून बाथरूमच्या नळापर्यंत जे बंद पडेल ते माझं.

कंटेनर जिथं पाठ लावून उभा राहतो त्या जागेला डॉक म्हणतात. आमच्याकडं असे चार डॉक आहेत आणि प्रत्येकाला वर सरकणारं दार आहे. दुकानाचं शटर गुंडाळलं जातं. हे गुंडाळत नाही. रुंद आडव्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या रुळावरून वर जातात आणि छताखाली आडव्या होतात. पट्ट्यांच्या आत थंडी अडवायला फोम भरलेला असतो. दाराचं वजन दीडशे किलोच्या आसपास. तरी एक माणूस एका हातानं ते उचलतो, कारण खरं वजन स्प्रिंग उचलते. दाराच्या वर एक आडवा दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्यावर दोन स्प्रिंगा पीळ देऊन बसवलेल्या असतात. दार खाली येताना पीळ वाढतो, वर जाताना सुटतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं माप म्हणजे ही स्प्रिंग. दोनपैकी एक तुटली की अर्धं वजन मोकळं होतं. पाऊणशे किलो. तेवढं डोक्यावर यायला पुरतं.

त्या वर्षातली ही तिसरी जोडी होती. मागच्या वर्षी दोन. एवढ्या वेळा तुटून आतापर्यंत कुणाला खरचटलंही नव्हतं, म्हणून आमच्या लेखी तो फक्त खर्चाचा विषय होता. सिंधूताईंचा ॲप्रन अडकला आणि तो दुसराच विषय झाला.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग होती. चेअरमन दिनकरराव आबा सत्तरीच्या पुढचे, स्वतः द्राक्षवाले, हिशेबाला पक्के. आमचे प्लँट मॅनेजर जगताप साहेब नवं कोटेशन मंजुरीला ठेवून मोकळे झाले. ते म्हणाले, परदेशी माल आहे, भाव वाढणारच, आपल्याला दार चालू हवंय. आबांनी चष्मा लावला, जुनी बिलं मागून घेतली आणि एकापुढं एक मांडली. मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, एक इचारू का? ह्या स्प्रिंगा मोडत्यात, का कुनी मोडवतंय?"

आबा ओरडले नव्हते. पण अर्थ सगळ्यांना कळला. माल मी मागवते, सही माझी असते, भाव दरवर्षी वाढतो आणि वस्तू दरवर्षी लवकर मोडते. यात कमिशन असणार असं कुणालाही वाटेल. मलाही दुसऱ्याबद्दल वाटलं असतं. मी एवढंच म्हणाले की, मला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत द्या. का तुटतात ते सांगते आणि दार चालू करून दाखवते. नाही जमलं तर हे कोटेशन मंजूर करा आणि माझ्याबद्दल काय ठरवायचं तेही ठरवा.

जगताप साहेबांनी बाहेर आल्यावर सांगितलं की, शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. मलाही ते तेव्हा कळलं.

मी दारं बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. भांडायच्याच तयारीनं लावला. तुमच्या स्प्रिंगा अकरा आठवड्यांत तुटतात, हा कसला माल, असं विचारलं. तो पोरगा सभ्य होता. त्यानं मॉडेल नंबर विचारला, कीबोर्डचा आवाज आला आणि तो म्हणाला, "मॅडम, ही स्टँडर्ड स्प्रिंग आहे. दहा हजार सायकल."

सायकल म्हणजे दार एकदा उघडणं आणि एकदा बंद होणं. दोन्ही मिळून एक. तार किती वेळा पिळली आणि सोडली की तिच्यातला जीव जातो, याचा तो आकडा असतो. मी त्याला विचारलं की, दहा हजार हे कशाच्या हिशेबानं धरतात. तो म्हणाला की, हे मॉडेल मुळात बंगल्याच्या गॅरेजसाठी निघालं. माणूस गाडी दिवसातून दोनदा बाहेर काढतो, दोनदा आत ठेवतो. चार सायकल. म्हणजे सहा-सात वर्षं सहज जातात.

मी फोन ठेवला आणि डॉकवर गेले. तीनचं काम आता दोन नंबरच्या दारावर आलं होतं. सिंधूताई तिथं होत्या. मी त्यांना एक मार्कर दिला आणि तीनच्या मालासाठी दार बंद झालं की एक रेघ मारायची विनंती केली. त्यांनी काही न विचारता पेटीचं एक झाकण घेतलं आणि भिंतीला टेकवलं. संध्याकाळी शिफ्ट सुटताना मी रेघा मोजल्या. एकशे अठ्ठावीस. एका कंटेनरमध्ये वीस पॅलेट, म्हणजे पेट्या रचलेल्या लाकडी फळ्या, जातात. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक पॅलेटमागं आम्ही दार बंद करतो, तसा नियमच आहे. शिवाय आत येणारा माल, रिकामे क्रेट, सुपरवायझर. दहा हजाराला एकशे अठ्ठावीसनं भागलं. अठ्ठ्याहत्तर दिवस. म्हणजे अकरा आठवडे.

स्प्रिंग खराब नव्हती. ती ठरल्या दिवशी तुटत होती. बंगल्याच्या गॅरेजची स्प्रिंग आम्ही द्राक्षाच्या डॉकला लावली होती.

मला आनंद झाला. कंपनीनं चुकीचा माल गळ्यात मारला, एवढं कागदावर दाखवलं की माझ्यावरचा डाग गेला असता. म्हणून मी स्टोअरमधून खरेदीची जुनी फाइल काढली. दारं घेताना कंपनीनं एक चौकशीचा फॉर्म भरून घेतला होता. दाराची रुंदी, उंची, खोलीचं तापमान, सगळं नीट भरलेलं. त्याखाली एक रकाना होता, 'दिवसाचा वापर, अंदाजे सायकल.' तो रिकामा होता. त्याच्या खालीच सेफ्टी ब्रेकचा पर्याय होता. स्प्रिंग तुटली तर शाफ्ट जागेवर धरून ठेवणारा हा ब्रेक. तिथं 'नको' वर खूण होती. आणि तळाला सही माझी.

तेव्हा मी नवी होते. दारांच्या चार कोटेशनांपैकी सगळ्यात कमी भावाचं निवडून दिलं म्हणून मला शाबासकी मिळाली होती, तेही आठवलं. ते पान फाइलमध्ये आहे हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, हेही माझ्या मनात येऊन गेलं. ते लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

गुरुवारी सकाळी मी फाइल घेऊन आबांच्या बागेत गेले. ते मजुरांना घड कसे कापायचे ते दाखवत होते. मी त्यांना रेघांचं झाकण दाखवलं, भागाकार सांगितला, मग ते पान पुढं केलं. मी म्हणाले, मोडवत कुणी नाही. पण रकाना मी रिकामा सोडला. ब्रेकही मीच नको म्हणाले. सिंधूताई वाचल्या त्या नशिबानं.

आबांनी पान दोनदा वाचलं. मग विचारलं की, हे तुम्ही आपणहून का आणलं. मी म्हटलं, उद्या दुसऱ्या कुणी आणलं असतं तर तुम्ही माझं पुढचं काही खरं मानलं नसतं.

"व्हय, मानलं नसतं," आबा म्हणाले. "आता बोला, करायचं काय?"

कंपनीकडं जास्त सायकलची स्प्रिंग होती, पण ती मागणीवर बनते. सात आठवडे, आणि भाव ऐकून मी तो आबांना सांगितलाही नाही. मला एक माणूस आठवत होता. डिप्लोमानंतर मी वालचंदनगरला एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होते. तिथं शंकरतात्या नावाचे स्प्रिंगचे मिस्त्री होते. आवाजावरून तारेचा ताण सांगायचे. आता रिटायर झालेले, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात असं कळलं होतं. त्याच दुपारी मी तुटलेले दोन तुकडे पिशवीत घालून त्यांच्याकडं गेले.

तात्यांनी मला ओळखलं. पण गप्पा नंतर. त्यांनी आधी तुकडा हातात घेतला, उन्हात धरला आणि तुटलेल्या तोंडावरून नख फिरवलं. मला म्हणाले, हात लाव. एका बाजूला तोंड गुळगुळीत होतं, दुसऱ्या बाजूला खडबडीत.

"ही झटक्यानं तुटलेली न्हाय," ते म्हणाले. "रोज केसभर चिरत आली. गुळगुळीत भाग तो चिरण्याचा. शेवटी उरलेल्या तारेला झेपलं न्हाय, तो खडबडीत. थकून मेलीय बिचारी."

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात यालाच फटीग म्हणतात आणि त्यावर मोठा धडा असतो. तात्यांनी तो पाच वाक्यांत संपवला.

उपाय त्यांनी पाटीवर मांडावा तसा सांगितला. तार जाड घ्यायची. जाड तारेला तेवढंच वजन हलकं वाटतं, ती उशिरा थकते. पण जाड तार कडक असते, दाराला वर फेकून देईल. म्हणून स्प्रिंगचं पोट मोठं करायचं आणि लांबी वाढवायची, म्हणजे कडकपणा पुन्हा पहिल्याइतका होतो. साडेसहा मिलिमीटरच्या जागी साडेसातची तार, दीडपट लांबी. शाफ्टवर तेवढी जागा आहे का, हे मी मोजून आणलं होतं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत होती. पोट वाढल्यामुळं टोकांचे लोखंडी शंकू, ज्यांनी स्प्रिंग शाफ्टला पकडून राहते, ते नवे करायला लागणार होते. आकडे मी सूत्रानं काढले, तात्यांनी अंदाजानं सांगितले. दोन वेढ्यांचा फरक आला. तात्या म्हणाले, तुझं धर.

किती टिकेल असं विचारलं तर म्हणाले, पन्नास हजार वेळा तरी.

तार सोमवारी आली, सर्टिफिकेटसकट. दोन जोड्या होतील एवढी मागवली होती. शंकू बारामती एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं करून दिले. बुधवारी त्याच लेथवर स्प्रिंग गुंडाळायची ठरली. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले. लेथवाल्यानं त्यांना स्टूल दिलं. ते पाच मिनिटं बसले असतील, मग उठून स्वतः लिव्हरपाशी उभे राहिले. लेथ अगदी सावकाश फिरवली. तार दांड्यावर वेढ्याला वेढा चिकटवून बसत गेली. एक डाव्या पिळाची, एक उजव्या पिळाची, कारण दाराला दोन्ही लागतात. संध्याकाळपर्यंत चार स्प्रिंगा झाल्या. तात्यांनी प्रत्येकीवरून हात फिरवला आणि मला बजावलं की, आता या भट्टीत भाजायच्या. गुंडाळताना तारेत जो ताण राहतो तो मंद आचेवर अर्धा तास भाजून काढावा लागतो. त्याशिवाय बसवायच्या नाहीत.

दुसरा दिवस गुरुवार. एमआयडीसीची सुट्टी. भट्टी शुक्रवारीच.

गुरुवारी सकाळी, उरलेल्या तीन डॉकना पेलवेना म्हणून, पॅकहाउसच्या गेटबाहेर मालाच्या अकरा गाड्या उभ्या होत्या. तोडलेल्या द्राक्षाला उन्हात थांबवता येत नाही. देठ वाळला की परदेशातला माणूस पेटी परत करतो. पणदरेचा एक बागायतदार माझ्यापाशी येऊन गाडीकडं बघत उभा राहिला. जगताप साहेबांनी विचारलं की, स्प्रिंगा तयार आहेत ना, मग थांबलोय कशाला. मी तात्यांना फोन केला. ते नाहीच म्हणाले. मी फोन ठेवला आणि न भाजलेली जोडी चढवायला घेतली.

दार छान झालं. कमरेएवढं उचलून सोडलं तर तिथंच थांबत होतं. ही बॅलन्सची परीक्षा असते. तोल बरोबर असेल तर दार सोडाल तिथं राहतं. सिंधूताईंची माणसं काही त्याखालून गेली नाहीत, पण फोर्कलिफ्टनं माल नेला. अकराच्या अकरा गाड्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या झाल्या. मी घरी खुशीत गेले.

शुक्रवारी सकाळी दार कमरेएवढं उचललं आणि सोडलं. ते हळूहळू गुडघ्यापर्यंत खाली आलं. स्प्रिंग रात्रीतून सैल पडली होती. तात्या म्हणाले होते तेच. आणि आबा माझ्या शेजारी उभे होते. ते नेमके त्या दिवशी दार बघायला आले होते.

आबांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं की, स्प्रिंग बरोबर आहे, घाई माझी. भाजायच्या आधी बसवायला तात्यांनी मनाई केली होती, तरी बसवली. दुसरी जोडी आज भाजून घेते.

"उद्या शेवटचा दिस हाय," आबा म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी मी भट्टीपाशी स्वतः थांबले. तात्यांना न्यायला मीच वालचंदनगरला गेले होते. भट्टीचं तापमान त्यांनी काट्यावर बघितलं आणि मला घड्याळ धरायला लावलं. अर्ध्या तासानं स्प्रिंगा बाहेर काढल्या तेव्हा तारेवर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग चढला होता. तात्यांनी तो रंग बघून मान हलवली. मग मला एवढंच म्हणाले, "लोखंडाला तुझी गाडी दारात उभी हाय हे म्हाईत नसतं."

मी स्प्रिंगा गाडीत ठेवल्या.

शनिवारी दहा वाजता जोडी चढवायला घेतली. हे काम बघायला सोपं, करायला धोक्याचं आहे. स्प्रिंगच्या शंकूला भोकं असतात. त्यांत दोन लोखंडी कांबी आळीपाळीनं घालायच्या आणि एकेक पाव फेरा पीळ द्यायचा. एक कांब निघायच्या आधी दुसरी आत गेलेली पाहिजे. निसटली तर ती कांब माणसाचा जबडा फोडते. साडेसात फेरे म्हणजे तीस वेळा, आणि तेही दोन्ही स्प्रिंगांना. मी शिडीवर होते, माझा फिटर दुसऱ्या शिडीवर. खाली आबा, जगताप साहेब, तात्या आणि डॉकवरची झाडून सगळी माणसं. आबा मनातल्या मनात मोजत असावेत, कारण तिसावा पाव फेरा झाल्यावर त्यांनी मान वर केली.

मी खाली उतरले. दार कमरेएवढं उचललं आणि हात काढला. दार थांबलं. छातीएवढं नेलं, थांबलं. डोक्याच्या वर नेलं, थांबलं. मग आबा पुढं आले. त्यांनी दार खाली ओढलं आणि डाव्या हातानं उचललं. ते वर गेलं. त्यांनी पुन्हा खाली ओढलं, पुन्हा उचललं. सत्तरीचा माणूस दीडशे किलोचं दार एका हातानं वर-खाली करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

"एक तास तसंच ठेवा," मी म्हटलं. दार कमरेएवढं सोडून आम्ही तिथंच बसलो. मी पट्टी लावून खूण केली होती. तासाभरानं दार खुणेवर होतं. दोन तासांनीही होतं.

सिंधूताई या सगळ्या वेळात लांब उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं गेले आणि त्यांना फाइलमधलं पान जसंच्या तसं सांगितलं. ब्रेक न घेण्याची सही कुणाची होती तेही सांगितलं. म्हटलं, ब्रेकची ऑर्डर दिलीय, चारही दारांना. ते येईपर्यंत जमिनीवर लाल रेघ मारतेय, दार पूर्ण वर गेल्याशिवाय ती कुणी ओलांडायची नाही. आणि तरीही तुम्हाला यायचं नसेल तर येऊ नका, मी कमिटीला तसं सांगेन.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सही तुमची व्हती, ह्ये तुमी सांगितलं नसतं तर आमाला कुटनं कळणार व्हतं?"

त्यांनी एक क्रेट उचलला. दार पूर्ण वर जाईपर्यंत रेघ जिथं येणार होती तिथं थांबल्या, आणि पलीकडं गेल्या. मागोमाग बाकीच्या बायका निघाल्या. मी इंजिनिअर झाले त्या दिवशी घरी पेढे वाटले होते. पण माझ्या लेखी मी इंजिनिअर झाले ती त्या शनिवारी दुपारी.

तार, शंकू, लेथ, भट्टी आणि तात्यांची मजुरी धरून जोडी सोळा हजारांत बसली. तात्या मजुरी घेत नव्हते. आबांनी त्यांना शाल-नारळ दिला आणि पाकीटही हातात ठेवलं. ब्रेक मात्र आम्ही त्याच कंपनीकडून घेतले आणि पूर्ण भावानं घेतले. तो त्यांचा माल चांगलाच आहे. पुढच्या मीटिंगमध्ये आबांनी आपणहून मिनिट्समध्ये लिहायला लावलं की, मेंटेनन्सबद्दल आपण जो प्रश्न विचारला होता तो मागं घेत आहोत. मी त्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्यानंतर बाकीच्या तीन दारांनाही तशाच जोड्या केल्या. प्रत्येक दाराला एक छोटा मेकॅनिकल काउंटर बसवला, दार बंद झालं की आकडा एकानं पुढं जातो. दोन हंगाम गेले. एकही स्प्रिंग तुटली नाही. आजूबाजूच्या दोन पॅकहाउसवाल्यांनी येऊन मापं नेली. वडगाव निंबाळकरच्या एका दूधवाल्याच्या गोदामाला तात्यांनी स्वतः जाऊन स्प्रिंग बसवून दिली. नंतर मला फोन करून सांगितलं की, माझं काम तुझ्यापेक्षा सरळ झालंय.

यंदा हंगामाच्या आधी तीन नंबरचा काउंटर पंचेचाळीस हजारांवर गेला. मी नवी जोडी मंजुरीला ठेवली. आबांनी विचारलं, जुनी मोडली का. म्हटलं, नाही. मोडायच्या आधी काढायची आहे. चांगली चालणारी वस्तू फेकायला सही करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी तो कागद चार दिवस ठेवून घेतला आणि पाचव्या दिवशी सही करून पाठवला. शेरा नाही, प्रश्न नाही.

जोडी बदलायला दीड तास लागला. त्या वेळेत डॉकवर चहाची सुट्टी होती. सुट्टी संपली, बायका आल्या, कामाला लागल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मला ते फार आवडलं.

भाव वाढला म्हणून मी चार वर्षं कंपनीशी भांडत होते. भाव माझ्या हातात नव्हता. दार दिवसातून किती वेळा उघडतं ते मोजणं माझ्या हातात होतं, आणि त्याला एक दिवस लागला.